कागद खरवडलेली बाटली

शेवंता गेली ती तिच्या दोन आजारांपैकी कशानंही गेली नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुमचा सगळा जीव तिकडेच लागून राहील. दुपारी जेवली, जरा आडवी झाली, ती चहाला उठली नाही. हृदय थांबलं म्हणाले. केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर वाढला होता. म्हातारी होऊन गेली, आणि तिच्या बाबतीत हीच मोठी गोष्ट. ज्या काळात तिला आजार कळला, त्या काळात त्या आजाराच्या माणसाशी डॉक्टरसुद्धा म्हातारपणाचं बोलायचे नाहीत.

शेवंता हे तिचं खरं नाव नाही. मी काहीबाही लिहिते हे तिला ठाऊक होतं. एकदा पोळी लाटता लाटताच म्हणाली, "ताई, माझंबी लिवा की. पन म्या गेल्यावर. आन् नाव दुसरं घाला, चांगलंसं." म्हणून शेवंता.

नारायण पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर मंदाताईंचं पोळी-भाजी केंद्र होतं. मी तिथं भाज्या करायची, शेवंता पोळ्या. मी जवळच राहायची, चालत यायची. ती यायची मांजरीहून, हडपसरला बस बदलून. उसाच्या रानातलं घर तिचं. आता अर्ध्या उसाच्या जागी इमारती आल्यात ती गोष्ट वेगळी. एकत्र कुटुंब होतं, खाऊनपिऊन सुखी. मी एकदा विचारलं, "अगं, घरी सगळं असताना एवढ्या लांब कशाला येतेस?" तर म्हणाली, "घरात बसलं की जो येतो तो इचारतो, तब्येत कशी हाय. हितं कोन इचारतंय? हितं इचारत्यात, पोळ्या झाल्या का."

हात तिचा विलक्षण चालायचा. बोलणं त्याहून. आमच्या पेठेतलं गिऱ्हाईक कसं असतं, मी सांगायला नको. एक गृहस्थ आले की पोळी उलटीपालटी करून, उजेडात धरून बघायचे. एक दिवस म्हणाले, "कालच्या नाहीत ना?"

शेवंता तव्यावरची नजर न हलवता म्हणाली, "कालच्या काल संपल्या. तुमी काल आला न्हाईत."

ते दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागले.

अकराच्या सुमारास आमचा चहा व्हायचा, आणि तीच तिची गोळीची वेळ. त्या दिवसाची एक गोळी एका छोट्या डबीत घालून आणायची. पहाटेची पहिली पोळी बाजूला ठेवलेली असायची, ती खाऊन वर गोळी, वर पाणी. त्यात कधी बदल नाही. गणपतीत केंद्रात मरणाची गर्दी असायची, मंदाताई ओरडत असायच्या, तरी ती लाटणं खाली ठेवायची. "ताई, दोन मिन्टं तवा बगा."

सगळ्यांना माहीत होतं, की शेवंताला जुनी कावीळ आहे. रक्तातली, ब प्रकारची, कायमची. ते खरंच होतं. पण अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं मला कसं कळलं ते सांगते. शेवंता मला कोबी चिरायला मदत करत होती आणि सुरी घसरली. बोटातून भळाभळा रक्त. मी पदर घेऊन धावले, तर ही अशी किंचाळली, "हात लावू नका!" मी तिथंच थिजले. तिनं स्वतःच नळाखाली बोट धरलं, स्वतःच पट्टी गुंडाळली, सुरी आणि ओटा जंतुनाशक टाकून घासला, चिरलेला कोबी सगळा फेकून दिला. मंदाताई म्हणाल्या, "अगं, केवढी ती नाटकं!" दुपारी निघताना तिनं मला बोळात थांबवलं आणि सांगितलं. एचआयव्ही. हळू आवाजात, पण माझ्याकडे सरळ बघून.

मी विचारलं, "मग या पोळ्या?"

"पोळीनं न्हाई व्हत, ताई. संगं जेवल्यानं न्हाई, हात लावल्यानं न्हाई. ते डॉक्टरला तीनतीनदा इचारूनच हितं कामाला लागले. रगताची तेवढी भीती, म्हनून वराडले. गोळी रोज घेते, तर आता तपासणीत इषाणू घावतबी न्हाई. पन घावत न्हाई म्हंजी गेला न्हाई. झोपलाय. आन् दोनी झोपल्यात एकाच गोळीनं, एचआयव्हीबी आन् कावीळबी. म्हनून गोळी चुकवायची न्हाई."

कुणामुळे झालं, हे मी विचारलं नाही. तिनंच एकदा आपणहून सांगितलं, तेही एवढंच, "ते गेले. आता त्यांचं नाव चांगलं ऱ्हाऊ द्या." नवरा कसा गेला ते मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायची. त्यालाही हेच दोन्ही होतं. औषध लागू पडलं, अंगावर मांस आलं, रानात पाणी धरायला जायला लागला. आणि बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या. "कुनाला न सांगता सोडल्या, ताई. मलाबी न सांगता." थोड्याच दिवसांत डोळे पिवळे झाले. घरच्यांनी गळ्यात काविळीची माळ घातली, नाकात पाल्याचा रस पिळला. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. "झोपलेला जागा झाला," एवढंच म्हणायची, आणि पुढची पोळी लाटायला घ्यायची. लाटणं जरा जोरात फिरायचं.

तर अशी ही बाई. त्यामुळे गोळीच्या बाबतीत तिचं वागणं आम्हाला विचित्र वाटायचं, पण ते विचित्र नव्हतं. त्या गोळीला ती "जावई" म्हणायची. घरात काहीही नवं आणायचं तर आधी जावयाला विचारायचं, नाहीतर तो रुसतो. मंदाताईंनी एकदा आम्हा सगळ्यांना कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. दिवसभर उभं राहून हाडं झिजतात म्हणून. कौतुकानं प्रत्येकीच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "घ्या माझ्यासमोर, चहाबरोबर."

शेवंता म्हणाली, "जावयाला इचारते आधी."

मंदाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला तर मूलबाळ नाही ना? जावई कुठून आला?"

तिनं खरंच तिच्या सरकारी औषध केंद्रातल्या सिस्टरना फोन लावला. कळलं ते असं, की कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, पित्तावरचं ते गुलाबी पातळ औषध, यातलं काही तिच्या गोळीबरोबर पोटात गेलं तर गोळी नीट अंगी लागत नाही. मध्ये बऱ्याच तासांचं अंतर हवं. मग कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर ठरलं. करोनाच्या दिवसांत तर शेजारणी पातेली भरभरून गुळवेलीचे काढे वाटत होत्या. हिनं प्रत्येकीचा पेला कपाळाला लावून परत दिला. "तुमची माया पोचली. पन माझं काळीज आधीच नाजूक हाय." काळीज म्हणजे ती यकृताला म्हणायची, आणि मला ते कधी चूक वाटलं नाही.

दर काही महिन्यांनी रक्त द्यायला जायची. मूत्रपिंडं कशी आहेत, यकृत कसं आहे. त्या दिवशी नीट इस्त्रीची साडी. मी म्हटलं, "काय लग्नाला निघालीस?" "पेपर हाय आज माजा," म्हणायची.

गोळ्यांची बाटली घरी असायची, लोखंडी पेटीत. गोळ्या ती बाटलीतून काढून दुसऱ्या कशात भरून ठेवायची नाही. आत ओल धरू नये म्हणून जी बारकी पुडी असते तीसुद्धा तशीच राहू द्यायची. पण दोन गोष्टी करायची. बाटली हलवली की वाजते, म्हणून वर कापूस दाबायची. आणि बाटलीवरचा कागद नखानं खरवडून काढायची, अगदी डिंकाचा डागसुद्धा राहू नये इतका. पुतण्या अमोल शिकलेला, मगरपट्ट्याकडे कुठल्याशा संगणकाच्या कंपनीत. त्यानं नाव वाचलं तर फोनवर बघेल, ही भीती.

आणि इथंच सगळं अडलं.

एका पावसाळ्यानंतरची गोष्ट. औषध केंद्रात रिकामी होत आलेली बाटली दाखवावी लागते, उरलेल्या गोळ्या बघतात. सिस्टरनी विचारलं, "मावशी, गोळ्या कमी कशा? दोन-दोन घेताय का?" शेवंता घाबरली. मला येऊन म्हणाली, "ताई, म्या इसराया लागले. घेते आन् परत घेते वाटतं. माज्यावर ध्यान ठेवा." मग मी रोज अकरा वाजता तिच्यासमोर उभी. गोळी तोंडात गेली की मान डोलवायची. तरी पुढच्या खेपेला बाटली महिना संपायच्या आधीच रिकामी. मधले काही दिवस गोळीवाचून राहायची वेळ आली. तिचा चेहरा त्या दिवसांत बघवत नव्हता. आमच्या पोळी केंद्रातल्या टीचभर आरशासमोर उभी राहून खालची पापणी ओढून डोळे बघायची. पिवळे झाले का, पिवळे झाले का.

सिस्टरनी हातातलं काम टाकून तिला गोळ्या मिळवून दिल्या. आणि एक सरळ प्रश्न विचारला, "घरात कोण घेतंय?"

घरी जाऊन शेवंतानं धाकट्या जावेला, रंजनाला विचारलं. रंजना आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. झालं होतं ते असं. तिच्या मुलानं, अमोलनं कंपनीत रक्तदान केलं होतं. रक्तपेढीचा फोन आला, की तुमच्या रक्तात ब काविळीचा विषाणू आहे, डॉक्टरांना दाखवा. अमोलचं लग्न ठरलेलं. सासवडची मुलगी, साखरपुडा झालेला. डॉक्टरकडे गेलं, कंपनीच्या विम्यात नोंद झाली, कुणाला कळलं, तर लग्न मोडेल. मग रंजनानं विचार केला, थोरल्या जाऊबाईंना हीच तर कावीळ आहे. इतकी वर्षं गोळीवर ठणठणीत आहेत. सरकारी गोळी, गुणाची गोळी. आपल्या घरात लोणच्याची बरणी एक, तशी औषधाची बाटली एक. जमेल त्या सकाळी एक गोळी दुधाबरोबर अमोलला. बरेच दिवस चाललं होतं.

"मागितली असती तर दिली असती का तुमी?" रंजनानं विचारलं.

"नसती दिली," शेवंता म्हणाली.

"बगा! एक गोळी देववली नसती. सोताच्या पोराला दिली असती."

मूल नसलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. आणि उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण ते दिलं तर तिचं त्या घरातलं सगळं जात होतं.

रंजना रागानं म्हणाली होती, "ऱ्हायलं. उद्यापास्नं बंद करते त्याची. तुमची तुमाला."

"तिथं म्या भ्याले, ताई," शेवंता म्हणाली. "चोरली त्याचं काय न्हाय. पन बंद करते म्हनाली."

कारण तिनं एकदा ते पाहिलं होतं. गोळी अचानक थांबते आणि झोपलेला जागा होतो.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती चप्पल न काढता. "आज पोराला डॉक्टरकडं नेतेय. तुमी चला. बोलू नका, नुसत्या ऱ्हावा." मंदाताईंना मी काहीतरी सांगितलं आणि निघाले.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघं. अमोल मान खाली घालून फोन चाळत होता. रंजना आमच्याकडे पाठ करून बसलेली. आत गेलो. डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. अमोलचे कागद बघितले आणि विचारलं, "कुठली गोळी घेताय? नाव काय?"

अमोल म्हणाला, "नाव माहीत नाही, सर. लेबल नाहीये बाटलीला. काकीची आहे. हेपॅटायटिसचीच आहे."

"नाव कळल्याशिवाय मला पुढं काही ठरवता येणार नाही."

शेवंता उभी राहिली. खुर्ची असून उभी राहिली. म्हणाली, "डॉक्टर, ती निसती काविळीची न्हाय. एचआयव्हीची हाय. मला दोनी हाय. एकाच गोळीत दोनीचं औषध हाय." आणि गोळीचं नाव चुकू नये म्हणून तिच्या औषध केंद्राचं कार्ड पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "ह्येनं हीच घेतलीया. रोज न्हाई. कदी चुकलीबी आसंल. आता ह्येची आई बंद करते म्हन्ती. तेवढं करू देऊ नका."

मी रंजनाकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

डॉक्टर आधी शेवंताला म्हणाले, "बसा, मावशी. बरं झालं सांगितलंत." अमोलला समजावलं, की ब कावीळ असलेल्या प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही, तपासून ठरवतात. सुरू करण्याआधी एचआयव्हीची, मूत्रपिंडांची, यकृताची तपासणी व्हायला हवी होती, ती झालेली नाही. आज सगळं रक्त द्या. दुसऱ्याच्या बाटलीतली गोळी यापुढे नाही, पण औषध एकदम बंदही नाही. तपासण्या हातात येईपर्यंत मी तुम्हाला तुमची स्वतःची गोळी लिहून देतो, आणि थांबवायची झाली तर मी सांगेन तेव्हा, माझ्या नजरेखाली.

"लग्न?" रंजना पहिल्यांदा बोलली.

"करा की. मुलीला सांगा, तिची तपासणी करा आणि तिला लस द्या. चांगली लस आहे. न सांगता मात्र करू नका."

अमोलला एचआयव्ही नव्हता. यकृताला थोडी सूज होती, गोळी चालू ठेवायचं ठरलं, पण त्याची वेगळी, त्याच्या नावाची. तो स्वतः सासवडला गेला आणि मुलीला सगळं सांगून आला. स्वतःपुरतं. काकीचं नाव घेतलं नाही. मुलीनं दोन दिवस मागितले, मग लस कुठं मिळते ते विचारलं. हे मला शेवंतानं सांगितलं तेव्हा चक्क हसली होती.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. रंजनानं कुणालाही सांगितलं नाही, हे मी तिच्या बाजूनं लिहून ठेवते. नवऱ्याला नाही, वाडीत नाही, माहेरी नाही. पण घरात शेवंताचा पेला वेगळा झाला, ताट वेगळं झालं. कणकेला हात लावायला गेली तर रंजना परात ओढून घ्यायची, "ऱ्हाऊ द्या, म्या मळते." सकाळभर अर्ध्या नारायण पेठेच्या पोळ्या लाटणारी बाई घरी जाऊन भिंतीला टेकून बसायची. मी चिडले. म्हटलं, "तू सांगत का नाहीस तिला, तशानं काही होत नाही म्हणून?"

"सांगितलं की. डॉक्टरनीबी सांगितलं. कानानं ऐकलं तिनं, हाताला कळाया टाइम लागतो, ताई. म्या तिचं लेकरू वाचवलं हे तिला समजतंय. म्या तिच्या घरात काय घिऊन इतकी वर्सं ऱ्हायले, हेबी समजतंय. दोनी एकदम गिळायचं म्हंजी." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

लग्न मांजरीतल्याच एका लॉनवर झालं. मला बोलावणं होतं. मंडपात मी शेवंताला शोधत होते, ती कुठंच नाही. कुणीतरी म्हणालं, थोरल्या काकी घरीच आहेत, घर राखायला. मी जेवण टाकून रस्ता विचारत घरी गेले. ओट्यावर बसली होती, नवं कोरं हिरवट लुगडं नेसून.

"अगं, तू इथं?"

"लुगडं दिलं रंजनानं. चला म्हनाली न्हाय." तक्रार नव्हती आवाजात. "बसा. वरात यील आता."

आम्ही बसलो. वरात आली, वाजंत्री आली, माप ओलांडून नवी सून आत आली. घर माणसांनी भरलं. शेवंता दाराच्या आड भिंतीला लागून उभी, मी तिच्याशेजारी. सून वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला निघाली. पहिली रंजनाच वाकवून घेणार, सासू म्हणून, असं मला वाटलं. सून वाकलीसुद्धा. तर रंजनानं तिचा दंड धरून तिला उभं केलं. आमच्याकडे न बघता, कुणाला तरी रागावल्यासारखं म्हणाली, "माझ्या न्हाय. आधी थोरल्या काकींच्या पाया पडा."

नवरानवरी आमच्यापुढं आली. शेवंतानं पाय मागं घेतले. खरंच घेतले, लुगड्याच्या काठाखाली, भिंतीपर्यंत. मग तिला मागं जायला जागा उरली नाही. सुनेनं वाकून तिच्या दोन्ही पावलांवर हात ठेवले आणि ते कपाळाला लावले.

अमोल वाकला तशी शेवंता त्याच्या कानाशी पुटपुटली, "आज घेतलीस का रं?"

त्यानं तोंड उघडायच्या आत नवी सूनच हळूच म्हणाली, "घेतली, काकी. लग्न लागायच्या आधी मीच विचारलं."

नंतरही वेगळा पेला काही लगेच गेला नाही म्हणे. मंदाताईंची इमारत पाडायला निघाली, केंद्र बंद झालं, मी मुलीकडे राहायला गेले, आणि मग आमचं फोनवरच. मला ती डोळ्यांसमोर येते ती त्या दाराआडची. सगळे गडबडीत आतल्या खोलीत गेले, आणि ती तिथंच उभी, मला म्हणाली, "ताई, बसाया कायतरी द्या हो."